सासूबाईंची मशेरी आणि माझं निदान

१६ ऑक्टोबर

माझ्या नवऱ्याला, विश्वजीतला, सिमेंटवाल्याने दिलेली ही डायरी जानेवारीपासून फ्रिजवर धूळ खात पडली होती. आजपासून ती माझी. या घरात मी बोलते भरपूर, पण ऐकणारा उठून जातो. कागद निदान उठून जात नाही.

शिवण्यात आमचा तीन मजली बंगला आहे. जमिनी गेल्या, बंगला आला, द्वारका मंगल कार्यालय आलं, स्वयंपाकघरात विजेची चिमणी आली. त्या चिमणीखाली माझ्या सासूबाई, सौ. मथुराबाई, रोज सकाळी तव्यावर तंबाखू भाजतात. काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि दिवसभर बोटाने दातांवर घासत बसायचं. ही मशेरी. कर्वेनगरहून लग्न होऊन इथे आले, तेव्हापासून माझं आणि मशेरीचं युद्ध चालू आहे. कॅन्सरचे भयंकर फोटो छापून मी फ्रिजला चिकटवले, त्यांनी त्यावर हळदीकुंकवाची आमंत्रणं चिकटवली. लवंगेची टूथपेस्ट आणून दिली, तिने त्या समई घासतात. समई झकास निघते, हे कबूल करायला हवं.

आज त्यांची उजवीकडची वरची दाढ दुखत होती. मी म्हटलं, "मशेरी." त्या म्हणाल्या, "गेल्या साली माझा गुडघा दुखला तवा बी तू मशेरीच म्हणली व्हतीस."

चहा पिताना ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून चहा हनुवटीवर ओघळला, तरी त्यांना पत्ता नाही. मी म्हटलं, "आई, चहा सांडतोय." "सांडू दे की. चहा माझा हाय." अशा बाईशी काय बोलायचं?

१९ ऑक्टोबर

डॉ. शरच्चंद्र मेहेंदळे हे माझ्या माहेरचे दातांचे डॉक्टर. कर्वेनगरात सगळे त्यांना घाबरतात आणि तरी त्यांच्याकडेच जातात. सासूबाईंना खुर्चीत बसवलं, दिवा तोंडात फिरवला आणि म्हणाले, "बाई, इथे दिवा लावून उपयोग नाही. सगळाच अंधार आहे." तोंड उघडं असल्यामुळे सासूबाईंना उत्तर देता येईना. मला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

"शुगर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आहे थोडी." त्यांनी कागदावर ‘थोडी’ असं लिहिलं. किती थोडी ते मलाही माहीत नाही. घरातलं तपासायचं मशीन सेल संपल्यापासून कपाटात विश्रांती घेतंय आणि गोळी त्या आठवण झाली की घेतात.

दाढ इतकी हलत होती की मागितली असती तरी हातात आली असती. शेजारचीही काढली. भुलीचं इंजेक्शन टोचलं तर म्हणाल्या, "काय बी लागलं न्हाय." डॉक्टर म्हणाले, "शाब्बास, जुनं हाड आहे." रक्तसुद्धा फारसं आलं नाही. वर टाळूला उजव्या बाजूला एक काळा डाग होता, रुपयाएवढा. मी विचारलं, हे काय? "हा मशेरीचा शिक्का. चाळीस वर्षांची कमाई आहे, एका दिवसात जाणार नाही."

मी लगेच फोटो काढला आणि ‘द्वारका परिवार’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘मशेरीचे फायदे’. विश्वजीतच्या आत्यांनी हसण्याचे चेहरे पाठवले. सासरे, म्हणजे आण्णा, यांनी नेहमीप्रमाणे नमस्काराचे हात पाठवले.

२४ ऑक्टोबर

विजय! सासूबाईंनी मशेरी बंद केली. मी काही न बोलता, आपणहून. डबी कपाटावर पडून आहे. विश्वजीतला सांगितलं तर म्हणाला, "बरी आहे ना ती?" नवऱ्याला बायकोचं यश बघवत नाही.

दाढेचा खड्डा मात्र भरेना. नाकाची उजवी बाजू चोंदली आहे, तपकिरी काळपट काहीतरी येतं आणि त्याला वास आहे. मेहेंदळ्यांना फोन केला. "जखम भरायला वेळ लागतो. साखर थोडी असेल तर थोडा जास्त लागतो." गोळ्या लिहून दिल्या.

मोबाइलचा टॉर्च लावून टाळू बघितली. काळं वाढल्यासारखं वाटलं. मशेरी बंद असताना वाढलं कसं, असा विचार मनात आला खरा. लाळेने पसरलं असेल.

२९ ऑक्टोबर

फराळ. कार्यालयात पाडव्याला साखरपुडा आहे, त्याची गडबड वेगळीच. सासूबाई चकल्या तळायला बसल्या त्या एक डोळा अर्धा मिटून. उजवी पापणी खाली आली आहे आणि गालही सुजलाय. आण्णांना म्हणाल्या, "तुमी दोन दिसताय." आण्णा म्हणाले, "एकाला सोसली न्हाईस, आता दोघं हाईत." सगळे हसलो. त्याही हसल्या, पण तोंड डावीकडूनच हसलं.

नंतर त्या उठून पडून राहिल्या. मी मनात म्हटलं, काम टाळायला बरं सोंग आहे. आता लिहिताना वाटतंय की सोंग घ्यायचा त्यांचा स्वभाव नाही. टायफॉइडमध्येसुद्धा त्यांनी शेवया केल्या होत्या म्हणे. पण तेल तापलं होतं आणि चकल्या माझ्यावर पडल्या होत्या. दिवाळी झाली की दाखवू डोळ्यांच्या डॉक्टरांना.

१ नोव्हेंबर

हॉस्पिटलातून लिहितेय. लक्ष्मीपूजनाची तयारी चालू असताना सासूबाईंनी उलटी केली आणि मला ‘आक्का’ म्हणाल्या. आक्का म्हणजे त्यांची बहीण. तिला जाऊन दहा वर्षं झाली. मी हातातलं तबक ठेवलं आणि गाडी काढायला लावली.

इथे बोट टोचून साखर बघितली. मशीनवर आकडाच येईना, इंग्रजीत नुसतं ‘हाय’ आलं. आण्णांना वाटलं, मशीनही आपल्याच गावचं. नर्सने सांगितलं की आकडा मशीनच्या बाहेर गेला की असं येतं. एरवी मी या विनोदावर आठवडाभर जगले असते.

नाक-कान-घशाच्या डॉ. आम्रपाली ओव्हाळ आल्या. माझ्याहून लहान असतील. "आमच्या घरी लक्ष्मीपूजन नसतं, म्हणून दर दिवाळीला ड्युटी मलाच. तुमचं नशीब," असं म्हणत त्यांनी सासूबाईंचं तोंड उघडलं आणि हसणं थांबवलं.

"हे काळं काय आहे?"

"मशेरी," मी, आण्णा आणि विश्वजीत एकदम म्हणालो. कोरस.

त्यांनी ओला गॉज घेतला आणि टाळूवर घासला. दोनदा, तीनदा. गॉज पांढराच राहिला. "मशेरी असती तर उतरली असती. कोणी पुसून बघितलं होतं का?"

कोणी पुसून बघितलं नव्हतं.

मग त्यांनी सुई टोचली. सासूबाईंनी पापणीही हलवली नाही आणि रक्ताचा थेंब आला नाही. "हा रंग नाही, हे मेलेलं मांस आहे. कधीपासून आहे?" मी मोबाइल काढला. फोटो दाखवला. त्यांनी तारीख बघितली, वर मी लिहिलेलं ‘मशेरीचे फायदे’ वाचलं आणि फोन परत दिला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ नोव्हेंबर

निदान झालं. म्हणजे खरं निदान. माझं निदान कालच वारलं.

नाकातून आणि टाळूवरून खरवडून काढलेला तुकडा त्यांनी लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लावला. मला लॅबमध्ये नेऊन दाखवलं. रुंद फिती आणि त्यांना काटकोनात फुटलेल्या फांद्या. दिसायला नाजूक, शिवणाच्या डब्यातल्या रिबिनींसारख्या. म्हणाल्या, "ही म्यूकर. बुरशी."

"भाकरीवर येते ती?"

"तिच्याच घराण्यातली. मातीत असते, हवेत असते, आत्ता तुमच्या माझ्या नाकात असेल. आपल्याला काही करत नाही. साखर अशी बेफाम वाढली की तिला मोकळं रान मिळतं."

विश्वजीतने विचारलं, "म्हणजे कोरोनातलं ते काळं फंगस? ते संपलं ना?"

"टीव्हीवर संपलं," डॉक्टर म्हणाल्या.

नाकातून टाळूत, टाळूतून डोळ्यात, डोळ्यातून मेंदूत, असा हिचा रस्ता. जाताना रक्तवाहिन्या बुजवते, म्हणून मांस मरतं, म्हणून ते काळं दिसतं, म्हणून दुखत नाही. जिथे रक्त पोचत नाही तिथे औषधही पोचत नाही, म्हणून मेलेलं कापून काढावं लागतं. बुरशीची औषधंही वेगवेगळी असतात, दुसऱ्या जातीचं औषध दिलं तर ही मजेत वाढत राहते. त्यामुळे नुसतं बुरशी आहे एवढं कळून चालत नाही, कुठली ते बघावं लागतं. आम्ही घरात एवढं बघितलं असतं तर! आम्ही साधं फडकं फिरवून बघितलं नाही.

पिवळ्या औषधाची बाटली लागली आहे. ॲम्फोटेरिसिन. आण्णा तिला ‘पिवळी’ म्हणतात. इन्सुलिन वेगळं चालू आहे. डॉक्टरांना सरळ विचारलं, जगतील ना? म्हणाल्या, "लवकर आला असतात तर मी हो म्हणाले असते. आता प्रयत्न करू म्हणते."

५ नोव्हेंबर

आज उजवा वरचा जबडा आणि अर्धी टाळू काढली.

आत नेण्याआधी साखर उतरल्यामुळे सासूबाई भानावर होत्या. मला सांगत होत्या, साखरपुडेवाल्यांनी कार्यालयाच्या दोन पराती नेल्यात, सोडू नकोस. मी विचारलं, "आई, गाल बधिर झाला होता ना? कधीपासून?" म्हणाल्या, "नवरात्रापासनं. घट बसले तवा हात लावला तर गाल दुसऱ्याचाच वाटला."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू काय म्हणली असतीस?"

मी ‘मशेरी’ म्हटलं असतं. फ्रिजवर आणखी एक फोटो चिकटवला असता. ही बाई बुरशीला घाबरली नाही, माझ्या टोमण्याला कंटाळली आणि म्हणून बोलली नाही. मला माझी लाज वाटली. ग्रुपवरचा फोटो मी काढून टाकला. सगळ्यांनी बघून झाल्यावर.

९ नोव्हेंबर

टाळूला भोक पडलं की बोलणं नाकातून जातं. जखम भरली की तिथे बसवायची प्लेट करतात, मग बोलता येतं, पण तोवर काय? मथुराबाईंचं बोलणं बंद म्हणजे शिवण्यातली अर्धी बातमीसेवा बंद. नाकात नळी, तोंडात पट्टी आणि शब्दांच्या जागी नुसता घूंघूं आवाज. नर्सना कळत नाही, विश्वजीतला कळत नाही, पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या आण्णांना कळत नाही.

मला सगळं कळतं. एक शब्द चुकत नाही. इतकी वर्षं भिंतीपलीकडून त्यांनी माझ्याबद्दल पुटपुटलेलं ऐकून कान तयार झालेत, दुसरं काय? त्यामुळे आता मी दुभाषी. डॉ. ओव्हाळ पट्टी बदलत असताना सासूबाई म्हणाल्या, "या भवानीला म्हणावं, शेण सारवतीयस का?" मी म्हटलं, "हळू करा म्हणतात." त्यांचे भाऊ, म्हणजे विश्वजीतचे हिंदुराव मामा, भेटायला आले आणि तासभर बसले. त्या म्हणाल्या, "याला चहा पाजून घालीव." मी म्हटलं, "मामा, तुम्ही आलात, त्यांना बरं वाटलं." सासूबाई डाव्या डोळ्याने माझ्याकडे बघत होत्या. त्यांना माझं भाषांतर आवडत नसावं.

पिवळी अंगात गेली की हुडहुडी भरते. दोन ब्लँकेट टाकून मी पाय दाबत बसते. औषध मूत्रपिंडाला जड, रक्तातलं पोटॅशियम खाली उतरतं, म्हणून रोज रक्त काढतात. एक भरायचं, दुसरं सांडायचं, तिसरं मोजायचं. आण्णा म्हणाले, आपल्या जुन्या विहिरीच्या मोटरीचं असंच होतं.

१४ नोव्हेंबर

आजचं आजच लिहायला हवं.

नवा एमआरआय झाला. बुरशी उजव्या डोळ्याच्या खोबणीत शिरली आहे. त्या डोळ्याने दिसणं परवाच पूर्ण बंद झालं. डॉ. ओव्हाळांनी आम्हाला कॉटजवळच उभं करून सांगितलं. "डोळा गेलेला आहे. आता तो नुसतं बुरशीचं घर आहे. काढला तर मावशी वाचायची चांगली शक्यता आहे. ठेवला तर पुढे मेंदू आहे, आणि मग माझ्या हातात काही नाही. उद्या सकाळी करायला हवं."

विश्वजीत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. एवढा मोठा माणूस, तीन जेसीबी चालवतो, आईचं नाव निघालं की लहान होतो. आण्णा म्हणाले, "जबडा काढला, आता डोळा. उद्या आनि काय? देवानं दिलेलं किती काढायचं? मी सही करायचो न्हाय." थोड्या वेळाने म्हणाले, "तिला इचारा. ती म्हणंल तसं."

डॉक्टर वाकल्या. "मावशी, ऐकलंत ना सगळं? काढू?"

सासूबाईंना ताप होता, चेहरा पट्ट्यांत होता. त्यांनी काहीतरी म्हटलं, तेच नाकातलं घूंघूं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

त्या म्हणाल्या होत्या, "नगं. पुरं झालं. घरी ने मला."

मी म्हटलं, "काढा म्हणतात."

माझ्या तोंडून ते कसं आलं मला माहीत नाही. मी ठरवलं नव्हतं. डॉक्टरांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "नक्की?" मी म्हटलं, "नक्की. लवकर करा म्हणतात." सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. सलाईनची सुई दुखत असणार. आण्णांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि सही केली.

१५ नोव्हेंबर

काढला.

मी खोटं बोलले. शिकलेली बाई मी, लोकांना कागद वाचून सही करा म्हणून सांगत फिरते, आणि एका बाईच्या अंगाचा निर्णय तिच्याच तोंडचा म्हणून खपवला. तिला घरी जायचं होतं. घरी जाऊन काय झालं असतं ते मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. तो तिचा हक्क होता की नव्हता, याचा सकाळपासून विचार करतेय आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं. एक मात्र खरं. मला ती जायला नको होती. मला ती हवी आहे. हे वाक्य या डायरीत कधी येईल असं मला ऑक्टोबरमध्ये वाटलं नव्हतं.

डॉ. ओव्हाळ बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कडा स्वच्छ दिसतायत. तुकडे तपासायला पाठवलेत." मी भिंतीला टेकून खाली बसले.

२७ नोव्हेंबर

तपासणी चांगली आली. कडांना बुरशी नाही. साखर ताळ्यावर आहे. पिवळी चालूच आहे, अजून बरीच चालणार.

लग्नसराई सुरू झाली आणि कार्यालय आण्णांवर सोपवलं आहे. परवा एका मांडवात त्यांनी नवरदेवाच्या काकांना ‘साखर तपासली का’ म्हणून धरलं होतं म्हणे.

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. जखमेमुळे बोलू नका म्हणून सांगितलंय, पण इतरांपुढे घूंघूं करतात, माझ्यापुढे नाही. रागावल्या आहेत. त्यांना कळलंय. वेणी मात्र माझ्याचकडून घालून घेतात, नर्सने हात लावला तर डोकं झटकतात. केस ओढायला माझा हात बरा वाटत असेल. मीही काही बोलत नाही. बोलायला मला भीती वाटते, हे खरं कारण.

१८ डिसेंबर

घरी आणलं. पिवळी संपली, आता गोळ्या. बुरशीच्याच आहेत, महिनोन् महिने घ्यायच्या. दिवसातून तीनदा साखर बघायची आणि तीनदा तोंडातली पोकळी मिठाच्या पाण्याने धुवायची. धुताना कुठे काळं दिसतंय का ते बघायचं, आणि दिसलं तर पुसून बघायचं. डॉ. ओव्हाळांनी हे शेवटचं माझ्याकडे बघून सांगितलं.

पहिल्या दिवशी मला भोवळ आली. तोंड उघडलं की आत थेट नाकापर्यंत दिसतं. आता सवय झाली. रोज सकाळी त्या खुर्चीत मान मागे टाकून बसतात, मी पिचकारी मारते. गुलाबी दिसलं की माझा दिवस चांगला जातो. दुसऱ्याच्या टाळूचा रंग बघून आपला दिवस ठरावा, अशी वेळ माझ्यावर आली आहे.

बघायला येणारे काय वाटेल ते बोलतात. एकजण म्हणाली, मशेरीनंच झालं ना हो? मी तिला बसायला पाटसुद्धा दिला नाही. मशेरी वाईटच, माझं मत बदललेलं नाही. पण जे तिने केलं नाही ते तिच्या माथी का मारायचं?

६ जानेवारी

उद्या प्लेट बसणार. टाळूचं भोक बुजवायची, वर खोटे दात असलेली. ती बसली की बोलणं पहिल्यासारखं होतं, असं सांगितलंय. घरात सगळे खूश आहेत. आण्णांनी पेढे सांगून ठेवलेत, आणि मग आठवून रद्द केले.

मला जेवण गेलं नाही. उद्या त्यांना तोंड फुटणार आणि पहिली गोष्ट त्या काय सांगणार हे मला माहीत आहे. विश्वजीतला मीच आधी सांगावं म्हणून दोनदा त्याच्याजवळ गेले. दोन्ही वेळा त्याला गॅस सिलेंडरचं सांगून परत आले.

७ जानेवारी

डॉ. ओव्हाळांच्या खोलीत आम्ही सगळे. प्लेट बसवणारे डॉक्टर बसवून, घासून, पुन्हा बसवून गेले. डॉ. ओव्हाळ म्हणाल्या, "बोला मावशी, काहीतरी."

सासूबाईंनी जीभ फिरवून नवी टाळू चाचपली. उजव्या डोळ्यावर पट्टी, डावा डोळा सगळ्यांवरून फिरवला आणि माझ्यावर आणून ठेवला.

"त्या दिशी म्या नगं म्हणले व्हते."

स्पष्ट. एकेक अक्षर सुटं. शिवण्यापर्यंत ऐकू जाईल असं.

"काय नको म्हणालीस?" विश्वजीतने विचारलं.

"डोळा काढू नगा, मला घरी न्या म्हणले. हिनं ‘काढा’ म्हणून सांगितलं."

विश्वजीत माझ्याकडे बघत राहिला. डॉ. ओव्हाळांनी समोरची फाईल बंद केली आणि खिडकीकडे बघत म्हणाल्या, "हे मी ऐकलेलं नाही."

आण्णा उठून उभे राहिले. मला वाटलं माझ्यावर येतात. पण ते बायकोकडे वळले. "आगं मग तू गप का पडलीस? हिनं काय सांगितलं ते ऐकू आलं न्हाय का तुला?"

"आलं की. डोळा गेला व्हता, कान न्हाय."

"मग हात तरी हलवायचा! नगं म्हणून खूण करायची!"

सासूबाईंनी त्यांच्याकडे, पंचेचाळीस वर्षं काही न कळलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"हात रिकामा कुठं व्हता? हिचा धरला व्हता की."